मासळी न घेणारी घरं

तात्या, तुम्ही आज असतात तर तुमच्या ओटीवर येऊन चांगला भांडलो असतो. देवी टोचायला मी तुमच्याकडे शिकलो. तुमची पेटी वाहिली, तुमच्यामागून कातळाचे सडे तुडवले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण कुठल्या घरी देवी आल्या ते तुम्हाला सगळ्यांच्या आधी कसं कळतं, हे सांगायला तुम्ही किती वर्षं लावलीत! भाट्याच्या तरीवर, होडी लागते तिथे, मासेवाल्या बायका परतायच्या आणि पान चघळत तुम्ही विचारायचात, "गो, उपासाचा वार नसताना आज मासळी कोणी घेतली नाय?" देवी आलेल्या घरात फोडणी नाही, मासळी नाही. आपल्यापासून लोक आजारी पोर लपवत, मासेवालीला मात्र दारातून परत धाडावंच लागे. एवढीशी गोष्ट, पण तुम्ही मला दिलेली, म्हणून माझी.

आणि मग तो घाटावरचा तुमच्याकडे टोचायला शिकायला आला. बांगडा कुठला नि पेडवे कुठले, ठाऊक नाही. त्याला तुम्ही दुसऱ्याच दिवशी तरीवर नेलंत! माझा नुसता जळफळाट झाला. बोललो, तर खेकसलात, "विद्या म्हणजे काय तुझ्या बापाचं आगर? देवी काय हद्द बघून थांबतात होय रे?" त्याने तर बैठकीत सगळ्या तालुक्यांच्या टोचणाऱ्यांना ती युक्ती सांगून टाकली, आणि तुम्ही कौतुकाने मान डोलावत बसलात. माझ्यासाठी ती मान कधी हलली नाही.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या साली मी राजापुराकडे फिरतीवर होतो. बहीण माहेरी आली ती तापलेलं पोर घेऊन, आणि घरी पोचताच त्याच्या अंगभर देवी उठल्या. आईने दार ओढून घेतलं. त्याच घरात माझी तान्ही मुलगी, अजून न टोचलेली. सकाळी मासेवाली परत गेली, दुपारी हा घाटावरचा दारात. "मावशी, आज मासळी का नको?" आई देवीच्या कोपाला भिऊन रडत होती. त्याने तिची समजूत घातली, मुलीला टोचलं, शेजारची पोरंही टोचली. भाच्याचा एक डोळा गेला. माझ्या मुलीला साधा तापही आला नाही.

ती आता शाळेत जाते, त्याला काका म्हणते. मी त्याचे पाय धरायला हवेत, कळतं मला. हे लिहिलेलं चुलीत घालीन, तुम्हाला कुठे धाडणार? पण खरं सांगतो तात्या, पोरीच्या दंडावरचा तो व्रण दिसला की अजून वाटतं, तो माझ्या हातचा असायला हवा होता.