बिळांचा माळ

आई, परवा कडेगावहून विश्रामबागेत घरी परतताना उसाच्या मधोमध एक मोकळा माळ लागला. गुडघाभर मारवेल गवत, आणि खाली पाहिलं तर उंदरांची बिळंच बिळं. मी गाडी थांबवायला लावली आणि एकटीच हसत सुटले. ड्रायव्हरला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

लढाईची वर्षं होती. आबा पलटणीत, आणि म्हसवडच्या माळावर आपली मेंढरं तू एकटी राखत होतीस. थोरल्या चुलत्यांचा त्या कळपावर डोळा होता. एका उन्हाळ्यात त्यांच्या मेंढीचा पाय बिळात मोडला आणि त्यांनी हुकूमच सोडला, सगळी बिळं दगडांनी बुजवायची. थोरल्या दिराशी सरळ बोलायचं नाही ही आपली रीत, म्हणून तू पदर ओढून पाठमोरी, ते समोर, आणि मधे मी. सगळ्यांना सगळं ऐकू येत असे, तरी मला ते पुन्हा म्हणावं लागे.

"सांग त्यास्नी, उंदीर कुसळी गवताचं बी खात्यात. उंदीर गेलं तर माळभर कुसळच हुईल."

"आईला म्हणावं, तुमच्या वाटणीच्या माळातली बिळं ऱ्हाऊ द्या. पन एक जरी मेंढरू लंगडं झालं, तर सगळा कळप माझ्या कळपात."

"व्हय म्हणावं," तू म्हणालीस. मी ते खाली बघत पुन्हा म्हटलं.

मग तू प्रत्येक बिळाशी बाभळीची वाळकी काटी रोवलीस. उंदीर तिच्याखालून ये-जा करत, मेंढरं काटी बघून वळत. पहिल्या पावसाळ्यात काहीच फरक दिसेना आणि चुलते मिशीत हसले. दुसऱ्या वर्षी मात्र उंदरांनी उकरलेल्या भुसभुशीत मातीत पाणी मुरलं, तिथं मारवेल धरली, मधेमधे कोवळा पाला आला. दसऱ्याला पलीकडं, चुलत्यांच्या बिळं बुजवलेल्या माळावर, नुसतं पिवळं कुसळ. ते मेंढरांच्या लोकरीत, कातडीत, कोकरांच्या डोळ्यांत शिरलं. घोंगडी विणणाऱ्याने त्यांची लोकर हातात घेऊन परत टाकली आणि आपली आधी उचलली. आपलं एकही मेंढरू लंगडलं नव्हतं.

चुलते आले ते मान खाली घालून. मला म्हणाले, "आईला इचार, आमची मेंढरं तुमच्या अंगाच्या माळावर चारू का?" मी तोंड उघडणार, एवढ्यात तू वळलीस आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोललीस.

"आना की. पन बिळावरची काटी काडायची न्हाई."

काय दिसत होतीस तू! आबा परतले ते स्वतःच्या कळपात परतले, ते तुझ्यामुळे.

हे पत्र टाकायचं कुठे? राहील कपाटात. पण एक सांगते. तू त्यांची मेंढरं मायेनं चारलीस. मला मात्र तुझ्या जिंकण्यापेक्षा त्यांच्या हरण्याचा आनंद जास्त झाला होता, आणि आई, तो अजून ओसरलेला नाही.