हृदयासाठी हमस

४ मार्च, दुपार
डॉक्टरांकडून आलो. जिना चढताना छातीत कळ येते ना, मग लगेच अँजिओग्राफी करा म्हणाले. मनगटातून नळी घालून थेट हृदयापर्यंत नेतात म्हणे. मी शांतपणे ऐकलं. ही मात्र पांढरीफटक पडली. तिला धीर यावा म्हणून घरी येईपर्यंत मी एकसारखा बोलत होतो, कशाबद्दल ते आठवत नाही.

४ मार्च, संध्याकाळ
निर्णय पक्का. नळीबिळी काही नको, खाणं सुधारायचं. इंटरनेटवर हमस सापडला. उकडलेले काबुली चणे, तीळ, लसूण, लिंबू, ऑलिव्ह ऑइल. हृदयाला अमृत. रोज वाटीभर. हिने तपासणीची सात तारीख घेतलीय. घेऊ दे, तेवढंच तिचं समाधान.

५ मार्च
चणे भिजवायचे राहिले. तसेच कुकरला लावले. कुकर शिट्ट्या मारून दमला, चणे दगडच. प्रत्येक शिट्टीला तुम्ही दचकता, असं ही म्हणते. साफ चूक. मी सावध असतो.

६ मार्च
चणे मऊ. तीळ करपले. जिन्यात कळ आली. धुराचा परिणाम.

७ मार्च
आज तपासणी होती. पण हमस मऊसूत व्हायचा तर प्रत्येक चण्याचं साल काढावं लागतं, असं व्हिडिओतली बाई सांगते. पातेलं घेऊन बसलो होतो. हातातलं काम अर्धवट टाकणं माझ्या स्वभावात नाही. फोन करून तारीख पुढे ढकलली.
ही आली. समोर बसून सालं काढू लागली. तिचे हात इतके थरथरत होते की चणे भांड्याबाहेर उडत होते. थंडी असेल. पंखा बंद केला.
मिक्सरचं झाकण धरायला विसरलो. निम्मा हमस छताला. उरलेला खाल्ला. चव ओल्या पुठ्ठ्याची, पण आतून एकदम हलकं वाटलं. जिना चढून खात्री करावी म्हटलं. मग म्हटलं, कशाला उगाच.

९ मार्च
मुलीचा फोन. हिने चुगली केलेली दिसते. बाबा, घाबरलात का, म्हणाली. मी हसलो. बराच वेळ हसत राहिलो. ती पलीकडे रडायला लागली. आईवर गेलीय.

११ मार्च, सकाळ
तपासणीची नवी तारीख आजची. उपाशीपोटी या, असं सांगितलंय. निघण्याआधी सहज नवा हमस वाटून घेतला. लिंबू बेताचं पडलंय का म्हणून बोटाने चाखलं. मग लसणासाठी. मग मिठाची शंका आली. चाखण्याला कोणी खाणं म्हणत नाही.

११ मार्च, दुपार
नर्सने विचारलं, काही खाल्लंत का? मी सत्यवचनी माणूस. हिशेब केला तर वाटीभर निघाला. परत पाठवलं, उद्या या म्हणाली.
बाहेर येताच मी चक्क शीळ घातली. ही मागे येईना म्हणून वळून पाहिलं, तर बाकावर बसलेली. म्हणाली, जिन्यात तुमच्या पावलांचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकते. तो परत सुरू होईपर्यंत मी दाराआड उभी असते. तुम्हाला काही झालं तर मी काय करू, ते एकदा सांगा आणि मग खुशाल चणे सोला.
मीही बाकावर बसलो. भीती वाटते, असं तिला सांगितलं. म्हणजे तिला वाटते, हे मला कळलं, अशा अर्थाने.

१२ मार्च, संध्याकाळ
दवाखान्यातच आहे. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, लगेच उघडली. आणखी उशीर झाला असता तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. पुढचं मी विचारलं नाही.
सकाळचं तेवढं लिहून ठेवतो. आत नेताना ही घाबरू नये म्हणून मी तिला समजावत होतो. साधी तपासणी असते, रडायचं नाही, धीर धरायचा. ती बरं म्हणाली. पुन्हा सांगितलं. पुन्हा बरं म्हणाली. नर्स स्ट्रेचरपाशी थांबून राहिली होती. शेवटी ती खाली वाकून अगदी हळू म्हणाली, काका, काकूंचा हात सोडता का आता?