दुसऱ्या मजल्यावरचं टेबल

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पेटीत टाकायला मी स्वतः जाणार आहे, एकटी. काल रंगीत तालीम केली. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला अठ्ठावीस मिनिटं लागली आणि वाटेत दोनदा भिंतीला टेकावं लागलं, पण पडले नाही.

दीड वर्षापूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचा झटका आला तेव्हा मला चमचासुद्धा धरता येत नव्हता. आता उजव्या बुटात प्लास्टिकची पट्टी घातली की पंजा लटकत नाही, आणि हातात काठी असली की पाय माझं ऐकतात. दुपारी मात्र अंगातलं सगळं संपतं. उकडायला लागलं की पायांत वाळू भरल्यासारखं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज एक पान हातानं लिहायला लावतात, म्हणून ही पत्रं. शिवाय दोन खोल्यांच्या घरात फोनवर मोकळं बोलता येत नाही.

कारण बोलायचं आहे ते नवऱ्याबद्दलच. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात मला परत घ्या, असे तीन अर्ज मी लिहिले, हे तुला ठाऊक आहेच. पुस्तकांची पानं शिवायचं काम बसूनच करायचं असतं, हात आता शाबूत आहेत. तिन्ही अर्ज त्यानंच नेऊन दिले. निदान तो तसं सांगतो. ग्रंथपालांकडून एका ओळीचंही उत्तर नाही. विचारलं की तो विषय बदलतो. त्यानं ते दिलेच नसतील का गं?

भाचीला पापा. तुझा लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
छोटी

---

११ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर पाहून डोळे भरून आले. वेलांट्या अजून माझ्या वळणाच्या आहेत. शिकवल्याचं सार्थक झालं. पण कोपऱ्यापर्यंत एकटी? कुणी धक्का दिला असता म्हणजे?

नवरा-बायकोत पडायचं मला आवडत नाही. तरी विचारतेस म्हणून लिहिते. दीड वर्षं औषधं, डॉक्टर, बाजार सगळं त्याच्या हातात आहे. माणसाला त्याची सवय लागते, मग सोडवत नाही. मी तुझ्या जागी असते तर जरा नजर ठेवली असती. त्याची बॅग कधी पाहिलीस?

मात्र कामाची घाई करू नकोस. ग्रंथालय कुठे पळून जात नाही. त्यातून लिफ्ट जूनपर्यंत बंद, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या टेबलाशी तू पोचणार तरी कशी? आधी नीट बरी हो.

प्रकृतीला जप, मला काही लपवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ताई

---

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. तो आंघोळीला गेला असताना बॅग उघडली. आत तिन्ही अर्जांच्या प्रती होत्या, प्रत्येकीवर ग्रंथालयाचा शिक्का आणि तारीख. त्यानं अर्ज दिले होते. उत्तर का येत नाही हे त्यालाही कळत नसणार, आणि मला वाईट वाटेल म्हणून तो विषय टाळत असणार. बॅग बंद करताना मला स्वतःची किळस आली.

मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. लिफ्ट बंद असल्याचं मला माहीत नव्हतं, ताई. त्यालाही नव्हतं, तो अर्ज खालीच देऊन येतो. तुला कुणी सांगितलं?

मंगळवारी, ऊन चढायच्या आत, मी बसनं ग्रंथालयात गेले. चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. चांगला पाय वर, मग अधू, मग काठी. मधल्या वळणावर दहा मिनिटं जमिनीवर बसले. मला दारात पाहून ग्रंथपाल उभेच राहिले. ते म्हणाले की मी अंथरुणाला खिळले आहे असंच त्यांना कळवण्यात आलं होतं. त्यांनी फाइल काढली.

तुझी दोन पत्रं होती. मला काम झेपणार नाही असं डॉक्टरांचं मत आहे, नवरा माझं मन राखायला अर्ज आणून देतो, आणि आम्हा दोघांना काही कळवू नये, असं तू लिहिलं होतंस. त्यांनी लिफ्टबद्दल तुलाच कळवलं होतं. ज्या वेलांट्या तू माझा हात धरून गिरवून घेतल्यास, त्याच वेलांट्या.

डॉक्टर असं कधीच म्हणाले नाहीत. आता तूच सांग, का?

छोटी

---

२८ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्रं मीच लिहिली.

मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा तू न्हाणीघरात पडलीस. मी शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. वीस मिनिटं तू मला हाका मारत होतीस. नंतर तूच त्यावर हसलीस. मला हसता आलं नाही. तेव्हापासून तू जिना चढते आहेस असं नुसतं मनात आलं तरी माझे हात गार पडतात.

हे खरं आहे, पण पुरतं नाही. आजारात तू मला रोज फोन करायचीस. बरी होत गेलीस तसे फोन कमी झाले. तुला माझी गरज होती ते दिवस मला आवडले होते. लिहितानाही लाज वाटते. आणि तुझ्या नवऱ्यावर ढकललं, कारण तू माझ्यावर संशय घेणार नाहीस याची मला खात्री होती.

ग्रंथपालांना आज तिसरं पत्र धाडलं आहे, पहिली दोन खोटी होती असं. प्रत सोबत आहे. माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही.

ताई

---

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी कामावर जाते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळची वेळ. माझं टेबल तळमजल्यावर, खिडकीजवळ आणलं आहे. पहिल्या दिवशी एकच पुस्तक शिवलं, टाके सैल वाटले म्हणून उसवलं आणि पुन्हा शिवलं. घरी येऊन चार तास झोपले. डॉक्टर सांगतात की झटका पुन्हा येऊ शकतो. येईल तेव्हा येईल. मी पडेनही. पण कुठे पडायचं ते माझं मी ठरवीन.

नवऱ्याला बॅगेचं सांगितलं. मग त्यानं कबूल केलं की त्या मंगळवारी तो स्कूटरवरून माझ्या बसच्या मागे आला होता आणि मी बाहेर येईपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा होता. पुन्हा मागे आलास तर याद राख, असं मी बजावलं आहे. आता बसमध्ये चढले की मागे वळून बघते. तो दिसत नाही. तरी बघते. ही खोड आता लवकर जाणार नाही.

कालच ग्रंथालयानं एक कागद भरून मागितला. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, त्यासाठी दोन ओळी होत्या. पहिलीत त्याचं नाव लिहिलं. दुसरीवर बराच वेळ पेन धरून बसले. तिथे नेहमी तुझं नाव असायचं. ओळ तशीच ठेवून कागद परत दिला. कारकून म्हणाल्या की नंतर भरलं तरी चालेल.

कळावे. लोभ आहे, विश्वासाचं अजून सांगता येत नाही.

तुझी,
छोटी