दांड्यासकट

३ मार्च २०२३, सकाळ
...त्या दिवशी अंगण झाडून झालं होतं, मी ज्वारी निवडत होते आणि हे ओसरीवर रंधा मारत होते. माझ्या पुस्तकांचं कपाट. लाकूड आंब्याचं, सागवान परवडत नव्हतं. छिलपे माझ्या सुपात उडाले म्हणून मी बोलले. हे जागा बदलून बसले. साधीच सकाळ.
कपाट हे ह्यांचं शेवटचं काम. हे गेले, त्याला तीन वर्षं झाली. आता रडत बसायचं नाही, अभ्यास करायचा. विषय: सुतारांची जुनी हत्यारं. आमच्या सास्तूर गावात यावर कुणी काम केलेलं नाही. (विचारलं नाही, पण नसणारच.)

१० मार्च
माकणीहून एक वाकस आणला, लाकूड तासायचा. एक रंधाही. दोन्ही जुने, लाकडासकट.
शिवलिंगप्पा भावजी आले. ह्यांच्या जोडीनं सुतारकाम करायचे. उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, वहिनी, दुसऱ्याचं हत्यार आणलं की दांडा भाईरच काढून जाळायचा, लोखंड तेवढं आत न्यायचं. म्या आन् दादा कायम तसंच करायचो. का, तर बापानं सांगितलं म्हणून. बापाला त्याच्या बापानं.
म्हणजे अंधश्रद्धा. दांडा जाळला तर अभ्यास कशाचा? वाचनालयातल्या पुस्तकात स्पष्ट आहे: जुन्या वस्तूला तेल, रंग, औषध काही लावू नये.
कपाटाच्या खालच्या खणात ठेवली.

२ जुलै
नऊ हत्यारं झाली. शेजारची गजराबाई म्हणाली, बाया सोनं जमवत्यात, तू गंज जमव. दुर्लक्ष केलं.
वाकसाच्या दांड्याखाली पिठासारखी पूड. झटकली. सकाळी पुन्हा तेवढीच. पुस्तकात याबद्दल काही नाही. माझं मत: लाकूड फार जुनं झालं की पूड सोडतं. वय शंभराच्या वर. नोंद केली.

१८ ऑगस्ट
दांड्यावर बारीक भोकं, सुईनं टोचल्यासारखी. अकरा. कारागिराची खूण असणार. निजामाच्या काळातली.

२१ ऑगस्ट
एकोणतीस. कारागीर दोन असावेत.

५ एप्रिल २०२४, दुपार
लाईट गेली, पंखा थांबला, तेव्हा ऐकू आलं. कपाटातून कुरकुर. कान लावला की थांबते. उन्हानं लाकूड तडकत असेल.
शिवांजलीला फोनवर सांगितलं. लेक म्हणाली, आई, तो भुंगा आहे. एका लाकडातून दुसऱ्यात जातो. मी व्हिडिओ बघितलाय. मी म्हटलं, व्हिडिओ म्हणजे पुस्तक नव्हे. ती म्हणाली, मग भुंग्याला वाचून दाखव.
लेकीनं असं बोलू नये.

१२ मे
पूड मधल्या खणात. तिथं हत्यारं नाहीत, फक्त पुस्तकं. पुसून घेतली. नोंद केली नाही.

१९ मे, सकाळी सात
भावजींना बोलावलं. हत्यारं दाखवायची आहेत, असं सांगितलं. त्यांनी तिकडं बघितलंच नाही. कपाटाच्या फळीवर अंगठा ठेवून दाबला. अंगठा आत गेला. पापडात जावा तसा.
अंगठा बाहेर काढून पुसला. मग म्हणाले, दादाचा हात लई साफ व्हता.
औषध मारून वाचेल का, विचारलं. म्हणाले, वाचवायला आत काय ऱ्हायलंच न्हाय, वहिनी. आता दाराच्या चौकटी संभाळा.
ह्यांनी असे किती दांडे जाळले. मी त्यावर पाणी तापवून घेतलं. का जाळता, हे एकदाही विचारलं नाही.

२१ मे
दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पुस्तकं खाटेवर काढली. भावजींनी हत्यारांचं लोखंड सोडवून दिलं. दांडे, रंध्यांचे ठोकळे आणि कपाट मागच्या अंगणात नेऊन जाळलं. काडी मीच लावली. मग त्याच जाळावर भावजींसाठी चहा ठेवला.