कल्याणच्या कोंबड्या आणि कलम एकशे बावन्न

मु. माळवस्ती, ता. शेवगाव

प्रिय भागवतराव,

वैजनाथचा नमस्कार, आणि तुमच्या बहिणीचाही (राहीबाईनं तो स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला आहे). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची शुगर आणि शिर्डीतलं तुमचं लॉज, दोन्ही आटोक्यात असावं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी एक वाक्य बोललो की राहीबाई मागून तीन दुरुस्त्या सुचवते, आणि हा विजय मला एकदा तरी सलग सांगायचा आहे.

तर, आपण जिंकलो! आमच्या भावकीतल्या कल्याणनं वस्तीला खेटून कोंबड्यांची मोठी शेड टाकली, हे तुम्हाला ठाऊक आहेच (उद्घाटनाला तुम्ही श्रीफळ फोडलं होतं, पण त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही). कोंबड्यांचं आमचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते शेडमागच्या खड्ड्यातल्या विष्ठेबद्दल आणि तिथून निघणाऱ्या माश्यांबद्दल. ताटात माशी, तांब्यात माशी, निजलेल्या लेकराच्या डोळ्यांत माशी. सप्त्यात कीर्तनकार बुवांनी आलाप घ्यायला तोंड उघडलं आणि टाळकऱ्यांना ओलांडून ते थेट मोरीकडे धावले. त्या वर्षी अभंग अर्धाच राहिला. आम्ही हसलो. पण पुढं वस्तीत जुलाबाची साथ आली, लेकरं कोमेजली, आणि माझी चुलती भागूबाई सलाईनवर गेली, तेव्हा हसू आटलं. दवाखान्यात तिनं माझा हात धरून विचारलं, "वैजू, मी माश्यांमुळं मरनार का रं? लोकांस्नी काय सांगशील?" बाहेर येऊन नळावर बराच वेळ तोंड धूत राहिलो.

कल्याणला समजावून पाहिलं. तो माणूस वाईट नाही, फक्त ऐकत नाही. म्हणाला, "दादा, माशी काय मी पाळलीय व्हय? मी कोंबड्या पाळल्यात." आता मी उभी नोकरी कोर्टात बेलीफ म्हणून लोकांच्या दारांवर समन्स चिकटवण्यात घालवली; कायदा मला माहीत आहे तो दाराच्या बाहेरून. म्हणून शेवगावला वकील राजनंदिनीबाईंकडे गेलो. वयानं आमच्या लेकीएवढ्या, पूजाएवढ्या, पण बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ बसतो. त्या म्हणाल्या, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एकशे बावन्न नंबरचं कलम आहे. कुणाच्या धंद्यामुळं लोकांच्या आरोग्याला अपाय होत असेल, तर प्रांतसाहेब तो धंदा हलवायचा हुकूम देऊ शकतात. त्याला मारामारी, मोर्चा, रास्ता रोको काही लागत नाही. (रास्ता रोकोची माझी तयारी झाली होती. सतरंजीसुद्धा काढून ठेवली होती.)

अर्ज गेला. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि आडाच्या पाण्याचा तपासणी अहवाल. सुनावणीला कल्याणच्या वकिलानं विचारलं, "माश्या माझ्या अशिलाच्याच कशावरून? माशीवर नाव असतं का?" सगळे हसले. मलाही हसू आलं, म्हणून राजनंदिनीबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "साहेब, नाव नसतं. पण घर असतं. एकदा येऊन बघा." साहेबांनी पाहणीची तारीख देऊन टाकली.

आणि इथंच घात झाला. पाहणीच्या दिवशी बघतो तर शेड लखलखीत, चुन्याच्या रेघा, औषधाचा वास, आणि माशी एक नाही! बिनकामाच्या वेळी हजारानं येणाऱ्या माश्या ऐन साक्षीच्या दिवशी गैरहजर. साहेबांनी आमच्याकडं असं पाहिलं, जसं आपण उगाच फोन करणाऱ्याकडं पाहतो. कल्याण खुशीत. त्यानं मांडवात टेबल लावून गरम जिलबीची परात आणवली. मी घरी जायला मागचा रस्ता शोधत होतो.

तेवढ्यात दवाखान्यातून बरी होऊन आलेली भागूबाई काठी टेकत शेडमागं गेली आणि तिथून हाक आली, "कल्यान्या, ह्या ताडपत्रीखाली काय हाय रं?"

"तूर हाय काकू, तूर! हात लावू नका!"

"तूर व्हय? बघू दे की, डाळीला घ्यायचीच हाय," असं म्हणत तिनं काठीनं ताडपत्रीचं टोक उचललं.

भागवतराव, आधी आवाज आला, ट्रॅक्टर सुरू होताना येतो तसा. मग काळा ढग उठला, वर गेला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि सरळ जिलबीवर उतरला. साहेबांच्या चष्म्यावर, कारकुनाच्या मानेवर, कल्याणच्या पांढऱ्या सदऱ्यावर, जिथं जागा मिळाली तिथं. परातीत जिलबी आहे हे आधी ठाऊक असणाऱ्यालाच ओळखू आलं असतं. साहेब तोंडावर रुमाल धरून एवढंच म्हणाले, "तूर चांगली आहे." कल्याणचा वकील गाडीत जाऊन बसला आणि त्यानं काचा वर केल्या.

हुकूम झाला. ताडपत्रीखालचा खड्डा लगेच बुजवायचा, शेड वस्तीपासून अर्धा किलोमीटर लांब न्यायची, नाहीतर बंद. कल्याणनं हरकत घेऊन पाहिली, पण हुकूम कायम झाला. गेल्या आठवड्यात शेवटची कोंबडी टेम्पोत चढली आणि वस्तीनं गुलाल उधळला. (थोडा कल्याणलाही लागला. त्यानं पुसला नाही, हे त्याचं मोठेपण.) दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई ओट्यावर बसली, कपात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आज चहात नुसता चहा हाय." मला हे एक वाक्य निकालपत्रापेक्षा मोठं वाटलं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. हे पत्र राहीबाईनं वाचलं. तिचं म्हणणं असं की वकिलाकडं जायची कल्पना तिची, घरोघर फिरून सह्या तिनं घेतल्या, आणि अर्ज गेला त्या दिवशी मी जुलाबानं घरीच होतो. या तीन दुरुस्त्या धरून वाचावे.

ता. क. २. माश्यांचं वर्णन लिहिण्याच्या भरात जरा जास्त झालं आहे. त्या एवढ्या नसतात. शिवाय कल्याण आता खत रोज उचलणार आहे आणि जाळी मारणार आहे, तसं त्यानं लिहून दिलं आहे. कोंबड्या सध्या पाहुण्यांच्या गोठ्यात दाटीवाटीनं उभ्या आहेत आणि त्याला कुणी जागा देत नाही. तेव्हा शिर्डीच्या अलीकडची तुमची माळाची पडीक जमीन त्याला भाड्यानं द्यावी, असं तुमच्या बहिणीनं त्याला परस्पर सांगून टाकलं आहे. गुरुवारी तो तुमच्याकडे येतोय. जमीन वस्तीपासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब आहे, म्हणजे कायद्यात बसते. फक्त उन्हाळ्यात वारा तिकडून तुमच्या लॉजकडे वाहतो का, तेवढं बघून ठेवा. वाहत असेल तरी घाबरू नका. राजनंदिनीबाई शिर्डीलाही येतात.