कळी आणि अंडं

४ मार्च
नातीच्या नोकरीच्या जागी येऊन महिना झाला. एक खोली, मागे समुद्र, पुढे खडक. वही तिनेच दिली. 'आजी, बोलत नाहीस तर लिही.' मी बोलत नाही? मला तर सगळे पोपट म्हणायचे! पण माझी लेक, हिची आई, गेल्यापासून आत काही हलत नाही. चहा गरम की गार, तेही कळत नाही.

६ मार्च
आज नातीने शिकवलं — झाडाला कूळ असतं, पक्ष्यालाही! सोयरीक जमवायला बसल्यासारखं वाटलं. पोरीचं बोलणं ऐकत बसावं नुसतं! खडकावरच्या पक्षिणीचं सगळं ठरलेलं. जात माहीत, सरकारच्या जपायच्या यादीत नाव. हात लावला तर गुन्हा. नात अभ्यास करते त्या पिवळ्या फुलाचंच अडलंय. कोणी म्हणतं वेगळी जात, कोणी म्हणतं, 'छे, त्या साध्या रानफुलाचाच भाऊबंद.' जात ठरेपर्यंत यादी नाही, कुंपण नाही. ठरवायला उमललेलं फूल मोठ्या कचेरीत पाठवायचं. झाड उरलंय एक, तेही वीतभर, त्याला कळी एक. चार वर्षं वाट पाहिलीय पोरीने.

९ मार्च
झालं! पक्षिणीने अंडं घातलं ते नेमकं झाडाला टेकून. बसली की कळी पोटाखाली. कचेरीतला पक्षीवाला म्हणतो, "घ्या, तुमच्या फुलाने भाडेकरू ठेवला!" नात हसली नाही. "नियम म्हणजे नियम, आजी. महिनाभर बसणार ती." जेवली नाही.

१० मार्च
कळी शाबूत. वाकलीय.

११ मार्च
केलं एकदाचं. नात कचेरीत, पक्षीण समुद्रावर. अंडं रुमालात उचललं, दीड हातावर मऊ गवतात ठेवलं. कोंबड्यांचं कैकदा केलंय — अंडं हलवलं की त्याही सरकतात, बिचाऱ्या. पक्षीण काय नि कोंबडी काय! अंडं उबदार होतं. भीती वाटायला हवी होती, नाही वाटली. कळीला काडीचा आधार दिला. शहाणपणा केला म्हणून खुशीत घरी आले.

१२ मार्च
पक्षीण अंड्याला ओलांडून गेली. बघितलंही नाही! जुन्या जागी जाऊन बसली. काडी मोडली, कळीही. अंडं परत तिच्यापाशी नेऊन ठेवलं, तिने पोटाखाली घेतलं नाही. गार पडलं होतं.

१३ मार्च
नातीला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं. ओरडली नाही. म्हणाली, "ती जागा ओळखते, आजी. अंडं नाही."
अंडं आज कावळ्याने नेलं. पक्षीण बसलीच आहे.