निशिगंधाला प्रेस न देण्याबाबत

मी, गुरुप्रसाद गंगाराम पिलणकर, वय ५७, धंदा छपाई, राहणार रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र करून ठेवतो. पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर 'काळजी करू नका' असे दोनदा म्हणाले, म्हणून हे लिहिणे आले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. खाली लिहिलेले सर्व स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून मला दम्याखेरीज काही आलेले नाही. दहावीला इंग्रजीतच नापास झालो. पुढे रद्दीत आलेला शब्दकोश आठ वर्षे वाचून ती भाषा शिकलो, आणि एमए झालेल्यांना जे येत नाही तेही शिकलो: दोन इंग्रजी शब्दांमध्ये हायफन कधी द्यायचा. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचे वर्णन करत असतील तर द्यायचा. तेच शब्द नामानंतर आले तर बहुधा नको. 'हँड-पिक्ड मँगोज' याला हवा, 'द मँगोज आर हँड पिक्ड' याला नको. पहिला शब्द 'ली'ने संपणारे क्रियाविशेषण असेल तर कुठेच नको. हर्णेच्या छोट्या होड्यांच्या मालकांचे लेटरहेड मी छापले, 'स्मॉल-बोट ओनर्स'. हायफन नसता तर होड्या राहिल्या बाजूला, मालकच बुटके ठरले असते.

२. माझे शब्दकोश नगर वाचनालयाला द्यावेत. धाकटा भाऊ नितेश, जो इंग्रजीचा प्राध्यापक आहे, त्याला देऊ नयेत. तो चारचौघांत म्हणाला होता, "दादा, त्या एवढ्याशा रेघेवाचून कोणाची होडी बुडली रे?" त्याच्या मुलीची इंग्रजी लग्नपत्रिका त्याने स्वतः लिहून मुंबईत छापून घेतली. तिची एक प्रत मी लाल पेनाने तपासून ठेवली आहे. चुका एकवीस. ती फ्रेम करून माझ्या तेराव्याला, पंगत बसलेली असताना, त्याच्या हातात द्यावी.

३. माझ्या प्रेसमध्ये प्रूफ दोघे वाचतात. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचे, आणि हायफन आला की वाचणाऱ्याने टेबलावर एकदा ठोकायचे. चूक सापडली की तिथेच, गिऱ्हाईक बसलेले असले तरी, करणाऱ्याच्या तोंडावर सांगायची. या रीतीने मी तीन कामगार रडवले. बाइंडिंगवाली सखू तर काम सोडून गेली. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

४. प्रेस, ऑफसेट मशीन आणि वरचे घर पालीच्या अजिंक्य साळवी याला द्यावे. त्याचे फ्लेक्सचे दुकान आहे. हायफन आणि डॅश यांतला फरक त्याला कळत नाही, हे मी तपासलेले आहे. माझी एकुलती मुलगी निशिगंधा हिला यातले काहीही मिळू नये. सोळाव्या वर्षापासून, म्हणजे बारा वर्षे, ती माझ्याबरोबर प्रूफ वाचते आणि तिच्याइतके अचूक वाचणारे जिल्ह्यात कोणी नाही. प्रेस आपल्याला मिळेल या भरवशावर तिने मुंबईची नोकरी नाकारली, हेही मला माहीत आहे.

५. कारण असे. गेल्या हंगामात, परदेशी जाणाऱ्या आंब्याच्या पेट्यांचे लेबल मी सही करून पास केले. त्यात 'नॅचरली' आणि 'राइपन्ड' यांच्यामध्ये नको असलेला हायफन पडला होता. चूक माझी. नियमही मीच तिला शिकवलेला. तिने मला न सांगता छपाईची प्लेट बदलली, बरोबर लेबले छापली आणि जुनी प्लेट शाईच्या डब्यांमागे सरकवली. गणपतीआधीच्या साफसफाईत ती माझ्या हाती लागली.

"हे काय गो?" मी विचारले.

"बाबा, तुम्हाला ताप होता. गिऱ्हाईक समोर बसलेलं. म्हटलं, जाऊ दे."

सखूला कोणी 'जाऊ दे' म्हटले नव्हते. तोंडावर सांगितले असते तर मी मान खाली घालून चूक दुरुस्त केली असती आणि त्याच दिवशी प्रेस तिच्या नावे केली असती. तिने माझी कीव केली. अजिंक्य ती करणार नाही, कारण त्याला चूक दिसणारच नाही.

६. इथवर लिहून झाल्यावर हे मृत्युपत्र आमच्या रीतीने वाचून घेतले. मोठ्याने निशिगंधाने वाचले, बोट मी ठेवले. चौथे कलम ती न थांबता वाचून गेली. पाचवेही. मग वकिलांच्या देखत कागद खाली ठेवून म्हणाली, "बाबा, चूक आहे."

"कुठे?"

"कलम चार. वरचं घर अजिंक्यला दिलंत. वर आई राहते."

मी पाहिले. पाचही कलमांत माझी पत्नी दीपाली हिचे नाव नव्हते. एकतीस वर्षांचा संसार, आणि मी तिला विसरलो होतो.

"आणि तुझं काय म्हणणं?"

"माझं काही नाही. आईचं लिहा."

७. त्यामुळे वरचे घर आणि बँकेतील ठेवी पत्नी दीपाली हिला मिळाव्यात. चौथ्या कलमातील 'आणि वरचे घर' हे शब्द रद्द समजावेत. हे कलम निशिगंधाने चूक तोंडावर सांगितली म्हणून घातले. या वेळी तिने रीत पाळली. प्रेसबाबतचा माझा निर्णय बदललेला नाही.

८. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही अशानेच साक्षीदार व्हावे, असे वकिलांचे मत पडले. एक ते स्वतः. दुसऱ्यासाठी ते शेजारच्या दुकानात माणूस बघायला उठले. मी म्हटले, "कशाला बाहेर जाताय? आहे की इथे."

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

(सही) गुरुप्रसाद गंगाराम पिलणकर

वरील सही आमच्यासमोर झाली आणि मजकूर आम्ही ऐकला आहे.

साक्षीदार
१. (सही) अ‍ॅड. ऋत्विक भाटकर, रत्नागिरी
२. (सही) निशिगंधा गुरुप्रसाद पिलणकर, रत्नागिरी. मजकूर वाचणारी.